सुंभाचा पीळ आणि हाताचा स्नायू

गुहागरास ज्यांचें बाळपण गेलें त्यांस जांभ्या दगडाचा गडगा आणि त्यावरून चालण्याचा मोह, या दोन्ही गोष्टी नव्यानें सांगावयास नकोत. वयाच्या नवव्या वर्षीं, ऐन पावसाळ्यांत, शेवाळलेल्या गडग्यावरून आमचा पाय घसरला आणि उजवा हात टेकून आम्ही खालीं आलों. कोपराच्या जरा वर दंडाचें हाड मोडलें. चिपळुणास जाणारी शेवटची गाडी निघून गेली होती. म्हणून जवळच्या एका हाडवैद्यास बोलावण्यांत आलें. त्यानें तेल चोळलें, बांबूच्या कामट्या लावल्या आणि चिंध्यांनीं हात करकचून आवळला. जितकें घट्ट बांधावें तितकें हाड लौकर सांधतें, असें तो म्हणाला, आणि घरांतील सर्वांस तें पटलें.

रात्रीं ठणका वाढत चालला. हाड मोडल्याचें दुःख एका जागीं असतें. हें तसें नव्हतें. कोपरापासून मनगटापर्यंत हात दगडासारखा टणक झाला, बोटांस मुंग्या आल्या, आणि तीं गार पडूं लागलीं. आजी उशाशीं बसली होती. तिनें आमचें मधलें बोट हलकेंच सरळ करून पाहिलें, तों आम्हीं अशी किंकाळी फोडली कीं, सारें घर जागें झालें. वडील म्हणाले, "आई, सकाळपर्यंत थांबूं या. आतां सोडलें तर हाड हलेल."

"हाड मागाहून बसवतां येईल रे बाबा. हात गेला तर कोठून आणूं?" असें म्हणून तिनें कात्री घेतली आणि चिंध्या कापून काढल्या. घटकाभरानें बोटांत ऊब आली. पहाटेच्या गाडीनें आम्हांस चिपळुणास नेलें.

आजीनें काय वांचवलें, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें. फोल्कमान नांवाच्या जर्मन शस्त्रवैद्यानें 1881 सालीं या व्याधीचें वर्णन केलें आहे. हाताचे स्नायू न ताणणाऱ्या चिवट वेष्टनांत गुंडाळलेले असतात. मोडीमुळें आंत सूज येते, बाहेरून पट्टा आवळलेला असतो, आणि मध्यें सांपडलेल्या स्नायूंचें रक्त थांबतें. रक्तावांचून स्नायू कांहीं थोडे तासच तग धरतो. सुमारें सहा तासांनंतरची हानि बहुधा भरून येत नाहीं. मेलेल्या स्नायूच्या जागीं व्रणाचें कठीण सूत्र तयार होतें, तें दिवसेंदिवस आखडतें, आणि बोटें तळहाताकडे ओढलीं जाऊन पंजासारखीं वांकडीं होतात.

आंवळलें कोपराशीं, मग बोटें कां वांकावीं? वाचकांनीं एक लहानसा प्रयोग करून पाहावा. उजव्या हाताची मूठ मिटतांना डाव्या हातानें कोपराखालचा मांसल भाग धरावा. तो हलतांना जाणवेल. बोटांच्या आंत स्नायू नाहींतच. मूठ वळणारे मोठे स्नायू कोपराखालीं असतात, आणि लांब कंडरा मनगटावरून जाऊन बोटांस ओढतात. स्नायूस ढकलतां येत नाहीं, केवळ ओढतां येतें. आतां मनगट आंत पूर्ण दुमडून मूठ घट्ट वळावी. जोर येत नाहीं; कारण स्नायू फार आखूड झाला कीं त्याची शक्ति घटते.

ही शक्ति उत्पन्न कशी होते, हें 1954 सालीं दोन स्वतंत्र गटांनीं दाखविलें. त्यांचे प्रमुख अँड्र्यू हक्सली आणि ह्यू हक्सली, आडनांव एक, पण एकमेकांचे नातलग नव्हेत. स्नायूंतील जाड व बारीक तंतू एकमेकांवरून सरकतात. किनाऱ्यावर रापण ओढणारे कोळी जसे हात पुढें टाकून दोर धरतात, ओढतात व पुन्हां पुढें धरतात, तसेंच जाड तंतूंचे सूक्ष्म हात करतात.

परंतु आमच्या मनांत विशेष ठसलें तें निराळेंच. स्नायूचे कित्येक तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत पोंचतच नाहींत. मध्येंच निमुळते होऊन संपतात. मग ओढ पुढें जाते कशी? आमच्याकडे काथ्याचा सुंभ वळतांना ज्यानें पाहिला असेल, त्यास याचें उत्तर ठाऊक आहे. काथ्याचा एकेक धागा वीतभर, तरी सुंभ विहिरीवरची घागर ओढतो; पिळामुळें एका धाग्याचा ताण शेजारच्यावर जातो. स्नायूंत हें काम तंतूंभोंवतालचीं वेष्टनें करतात. तंतूस वेष्टनाशीं जोडणारें एक प्रथिन 1987 सालीं सांपडलें. तें ज्या मुलांच्या शरीरांत जन्मतःच नसतें, त्यांचे स्नायू प्रत्येक श्रमानें फाटत जातात. औषधांनीं तो रोग मंदावतो, अद्याप पुरता बरा होत नाहीं.

आमचा हात प्लास्टरांतून निघाला तेव्हां डाव्याच्या निम्मा दिसला, आणि कोपर उघडेना. न वापरलेला स्नायू झपाट्यानें झडतो. शेजाऱ्यांनीं पुन्हां तेल व चोळणें सुचविलें. डॉक्टरांनीं साफ मना केलें. कोपर जोरानें चोळल्यास स्नायूंतच हाड धरूं शकतें. स्वतः हलवूं तेवढेंच हलवावें, अशी त्यांची आज्ञा. रोज सकाळीं आम्ही पाण्यानें भरलेला तांब्या उचलीत असूं. पावसाळा सरतां सरतां हात सरळ झाला.

आमच्याच वर्गांतील एका मित्राचा हात मात्र तीन दिवस आंवळलेला राहिला. त्याचीं बोटें वळलीं तीं वळलींच. तो डाव्या हातानें लिहावयास शिकला, आणि अक्षर आमच्याहून चांगलें. पुढें मुंबईस त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. आंखडलेले स्नायू हाडावरील मुळापासून सोडवून खालीं सरकविले, तेव्हां बोटें उघडलीं. परंतु मेलेला भाग जिवंत झाला नाहीं, पकड अशक्तच राहिली. कुष्ठरोगानें लुळ्या पडलेल्या हातांवर वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं एका स्नायूची कंडरा दुसऱ्याच्या कामास जोडण्याची जी पद्धति चालविली, तिला निदान एक निरोगी स्नायू उसना मिळतो. आमच्या मित्राजवळ उसना देण्यासारखा थोडाच उरला होता.

मागच्या सुटींत तो समुद्रावर भेटला. आम्हीं आजीची ती रात्र त्यास प्रथमच सांगितली. त्यानें उजवा हात खिशांतून काढला, बोटें शक्य तेवढीं उघडलीं आणि म्हणाला, "तुझ्या आजीची कात्री आमच्या घरीं असावयास हवी होती."