चंद्रामागची डार्करूम

1959च्या नवरात्रात, घट बसून चार-पाच दिवस झाले असताना, चंद्राच्या पाठीमागे फोटो काढणं चाललं होतं. तारीख 7 ऑक्टोबर. आपल्याकडे सकाळचे नऊ, म्हणजे कल्याण-डोंबिवलीचा नोकरदार डब्याची पिशवी सांभाळत लोकलच्या दांडीला लटकलेला असण्याची वेळ. गाडी पारसिकच्या बोगद्यातून ठाण्याला, तिथून दादरकडे जाईपर्यंत, चाळीस मिनिटांत, रशियाच्या ल्यूना-3 यानाने 29 फोटो घेतले. चंद्राची ती बाजू त्याआधी कुणीही पाहिलेली नव्हती.

मुहूर्त पंचांगातून काढल्यासारखा होता. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे आपल्याकडे संध्याकाळी पश्चिमेला नुसती कोर. पण इथून कोर दिसते तेव्हा पलीकडच्या बाजूवर जवळजवळ लख्ख ऊन असतं. चंद्राची मागची बाजू कायम काळोखी, हा आपला उगाचचा समज. तिथेही दिवस-रात्र इकडच्यासारखीच.

फोटो काढणं एकवेळ सोपं. खरी गंमत पुढे आहे. ती फिल्म यानातल्या यानातच धुतली गेली, पक्की झाली, वाळली.

मी डोंबिवलीतल्या एका स्टुडिओत काही वर्षं रोल धुतले आहेत, म्हणून हे वाक्य वाचून माझा हात आपोआप कपाळाला लागतो. मिट्ट काळोखात नुसत्या बोटांनी फिल्म रिळावर चढवायची. एक वेढा दुसऱ्याला चिकटला, की कुणाच्या तरी साखरपुड्याचे दोन फोटो गेलेच. मे महिन्यात डेव्हलपर तापू नये म्हणून डबा बर्फाच्या परातीत ठेवायचा. मग फिल्म पक्की करायला हायपो, मग पाणी, मग दोरीवर चिमटा. जुलैत ती फिल्म वाळता वाळत नसे आणि पंखा लावावा तर धूळ बसे. हे सगळं हाताशी नळ, माथ्यावर छप्पर आणि बाहेर चहावाला असताना. तिथे चंद्रापासून साठ-पासष्ट हजार किलोमीटरवर, वजन नसलेल्या जागी, एका डब्यात हे काम माणसाच्या हाताशिवाय पार पडलं.

पुढे पृथ्वीवरून हुकूम सुटला की फिल्म प्रकाशाच्या एका ठिपक्यासमोरून सरकायची आणि तिच्यातला उजेड-अंधार रेघेरेघेने रेडिओवरून खाली यायचा. दुरून आवाज क्षीण, त्यामुळे सुरुवातीला हाती काही नीट लागेना. यान पृथ्वीच्या जवळ आल्यावर, 18 ऑक्टोबरपर्यंत, सतराएक चित्रं ओळखू येण्याजोगी मिळाली. तीही खरखरीत, डागाळलेली. गिऱ्हाइकाने काउंटरवर आपटली असती अशी.

मला तीच आवडतात. त्यांत मॉस्कोच्या नावाचा समुद्र आणि त्सिओलकोव्स्की नावाचं विवर दिसलं, आणि एक लांबलचक ‘सोव्हिएत पर्वतरांग’सुद्धा दिसली, जी मुळात तिथे नव्हतीच! उजळ पट्ट्यांना डोंगर समजून नकाशावर नाव घालून झालं होतं. पुढे चांगले फोटो आल्यावर ते काढून टाकावं लागलं. हल्लीच्या गुळगुळीत चित्रांत बघणाऱ्याची ही धडपड कुठेच उमटत नाही.

पुढच्या काही यानांच्या फोटोंत मात्र ती धडपड दिसते. अमेरिकेचं रेंजर-7 जुलै 1964मध्ये चंद्रावर आदळायलाच निघालं होतं. शेवटच्या सतरा मिनिटांत त्याने चार हजारांवर फोटो पाठवले. अखेरचा अर्धवट राहिला, कारण तो पुरा होण्याआधी यानच राहिलं नाही. 1966-67च्या पाच लूनार ऑर्बिटर यानांनी पुन्हा फिल्मच वापरली, यानातच धुतली आणि चंद्राचा बहुतेक सगळा पृष्ठभाग टिपला. त्या फोटोंवर पट्ट्या जोडल्याच्या शिवणी स्पष्ट दिसतात. त्यांतल्या पहिल्या यानाने चंद्राच्या कडेवरून पृथ्वीचा फोटो घेतला तो 23 ऑगस्ट 1966ला. आपलं विक्रम लँडर चंद्रावर उतरलं तीही 23 ऑगस्टच, 2023ची. योगायोग आहे, त्यात दुसरं काही शोधू नये.

रेंजरचा वसा आपणही घेतला होता. 14 नोव्हेंबर 2008, त्रिपुरी पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली. चांद्रयान-1पासून सुटलेली तिरंगा रंगवलेली पेटी पंचवीस मिनिटं खाली पडत, फोटो पाठवत, रात्री साडेआठच्या सुमारास चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आदळली. त्या वेळी ठाणे-डोंबिवलीवर चंद्र चांगला वर आलेला होता. खाली डोंबिवलीच्या फडके रोडवर माणसं भाजी घेत होती.

ल्यूना-3ची मूळ निगेटिव्ह पृथ्वीवर कधी आलीच नाही; 22 ऑक्टोबर 1959ला संपर्क तुटला. पण तिने उघडलेल्या त्या पलीकडच्या बाजूला आज होमी भाभांच्या नावाचं एक मोठं विवर आहे, 1970 साली नाव दिलेलं. ज्यांच्या नावाचं ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र ठाण्याच्या खाडीकाठी आहे, त्यांचंच. ठाण्यातल्या किंवा जगातल्या कुठल्याही गच्चीवरून, कितीही मोठी दुर्बीण लावली तरी ते दिसत नाही. बघायचं तर यानाने काढलेला फोटोच बघावा लागतो.