समजले ना?

तीस वर्षे आम्ही वर्गात एकच प्रश्न विचारीत आलो : ‘समजले ना?’ आणि तीस वर्षे समोरच्या बाकांवरून एकच उत्तर येत राहिले : ‘हो गुरुजी!’ या ‘हो’वर विश्वास ठेवणारा शिक्षक नवखाच समजावा. ज्या मुलाला थोडेफार कळले आहे ते शंका विचारते. ज्याला काहीच उमगलेले नाही ते सर्वांत मोठ्याने ‘हो’ म्हणते. हे ज्ञान गाठीशी असतानाही तोच ‘हो’ एके दिवशी आमच्या तोंडून कसा निघाला, त्याची ही हकीकत. विषय संकोचाचा आहे खरा. परंतु कित्येक घरांतून तो मुकाट्याने सोसला जात असल्यामुळे सांगणे प्राप्त आहे.

मधुमेह आमच्याकडे वीस वर्षांपूर्वी पाहुणा म्हणून आला आणि घरधनी होऊन बसला. त्याने पावलांची संवेदना बोथट केली, खडू धरणारी बोटे आखडून टाकली आणि पन्नाशीच्या सुमारास, ज्या शक्तीविषयी पुरुष कोणापाशीही बोलत नाही, तीही हिरावून नेली. वह्या तपासण्याचे निमित्त करून आम्ही रात्री उशिरापर्यंत बाहेरच्या खोलीत बसू लागलो. आमच्या सौ. काही न विचारता आतला दिवा मालवीत. अशी पाच वर्षे गेली.

पुढे गोळ्या झाल्या, इंजेक्शने झाली; गुण आला नाही. तेव्हा डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा मार्ग सुचविला. १९७३ साली अमेरिकेत ब्रँटली स्कॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या साधनाची माहिती प्रथम प्रसिद्ध केली, त्याचेच हे सुधारलेले रूप. इंद्रियात दोन पोकळ नळ्या, ओटीपोटात मिठाच्या निर्जंतुक पाण्याची एक लहान पिशवी आणि अंडकोशात एक छोटा पंप. सारे शरीराच्या आत, बाहेर काही दिसत नाही. पंप वारंवार दाबला की पाणी नळ्यांत जाते व ताठरता येते. पंपावरील कळ दाबली की ते पिशवीत परतते. डॉक्टरांनी काही लपविले नाही. हे एकदा बसविले की निसर्गाची वाट कायमची बंद होते, रक्तातील साखर आटोक्यात नसेल तर जंतुसंसर्गाचे भय वाढते, आणि यंत्र ते यंत्रच, काही वर्षांनी बिघडूही शकते, हे सर्व त्यांनी आम्हां उभयतांसमोर सांगितले.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. सूज व वेदना ओसरल्यावर, सहाव्या आठवड्यात, डॉक्टरांनी पंप कसा चालवायचा ते स्वतः करून दाखविले आणि विचारले, ‘समजलं ना, सर?’ आम्ही लाजेने खाली पाहत होतो. दाराबाहेर आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील बसले होते. आम्ही चटकन म्हणालो, ‘हो, हो!’

त्याच रात्री परीक्षा झाली. पंप भरला खरा. पण रिकामा करणारी कळ काही केल्या सापडेना. बधिर बोटांना कळ कोणती आणि नळी कोणती, हेच उमजेना. पंप धरावा तर तो वर निसटून जाई. जितकी घाई करावी तितका घाम फुटे. यंत्र मोडले की काय, या भीतीने आम्ही पहाटेपर्यंत खुर्चीत बसून राहिलो. शेवटी सौ. उठून आल्या. सारा प्रकार ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, ‘अहो, कळलं नव्हतं तर हो कशाला म्हणालात? वर्गात पोरांना यासाठीच रागावता ना?’

यावर उत्तर नव्हते. सकाळी आम्ही दोघेही दवाखान्यात गेलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी यंत्र मोकळे केले आणि मग एक सुटा नमुना आमच्या हातात दिला. डोळे मिटून पंपाचा फुगा कोणता, कळ कोणती, हे बोटांनी ओळखावयास लावले. नंतर आपले हात मागे घेऊन ते म्हणाले, ‘आता तुम्ही करा.’ एका हाताने वरची नळी स्थिर धरावी म्हणजे पंप निसटत नाही; कळ नुसती टेकवून भागत नाही, काही क्षण दाबून धरावी लागते; कोमट पाण्याने स्नान केल्यावर त्वचा सैल पडते आणि पंप सहज हाती लागतो. असे बारकावे आदल्या दिवशी विचारले असते तर आदल्या दिवशीच कळले असते. ‘सरांची बोटं आखडतात, तेव्हा तुम्हीही शिकून घ्या,’ असे त्यांनी सौ.ना सांगितले. त्या संकोचल्या, पण शिकल्या, आणि आमच्या आधी शिकल्या.

रोजच्या सरावाने तीन आठवड्यांत आमचा हात बसला. गेलेले तारुण्य यंत्र परत आणीत नाही, आणि प्रेम तर कोणत्याच शस्त्रक्रियेने बसविता येत नाही. परंतु पाच वर्षे दोघांच्या मध्ये बसलेले मौन मात्र उठून गेले. आणि आमची समजूत अशी की, ते यंत्राने कमी व त्या पहाटेच्या कबुलीने अधिक उठले.

आता वर्गात ‘समजले ना?’ असे आम्ही विचारीत नाही. खडू मुलाच्या हाती देतो आणि म्हणतो, ‘ये, करून दाखव.’ चुकले तरी रागावत नाही. आणि हल्ली वह्या आम्ही शाळेतच तपासून येतो.