रात्रीची लाइट

शेतीपंपाची थ्री फेज लाइट आमच्याकडे वेळापत्रकानं येते. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास, तीही डीपीचा फ्यूज जागेवर राहिला तर. माझं गाव उमापूर. गेवराई तालुक्याचं पश्चिम टोक, शीव ओलांडली की शेवगाव तालुका. इथं कापूस आणि ऊस करण्यात माझी उमर गेली, आणि भुताखेतांचं जे काही माझ्या वाट्याला आलं ते बहुतेक याच रात्रीच्या लाइटीत आलं. बारा वाजता मोटर चालू करायची आणि उजाडेपर्यंत चिखलात उभं राहून दारं धरायची. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी. आजूबाजूला दुसरं माणूस नाही. अशा ठिकाणी भूत दिसलं नाही तरच नवल.

आमच्या शिवारात भुतांच्या जागा ठरलेल्या होत्या. ओढ्याच्या डोहात आसरा, जुन्या पिंपळावर मुंजा, चिंचेवर हडळ. बांधावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा हा त्यांच्यातला नव्हे, तो राखणदार. कुठलं भूत काय करतं हेही ठरलेलं. मुंजा बिचारा वाट अडवायचा आणि तंबाखू मागायचा. ही भुतं पारावर बसून, हसत, एकमेकांच्या फजितीसकट सांगितली जायची. माझे चुलते मुंज्याची गोष्ट सांगताना त्याला ‘पाव्हणा’ म्हणत.

मला स्वतःला भेटला तो चकवा. कॉलेज सोडून नुकता शेतात उतरलो होतो. भादव्याची अवस, आभाळ गच्च, आणि बॅटरीतले सेल गेलेले. लाइट मध्येच गेली म्हणून मी रस्ता सोडून वावरातून गावाकडं निघालो. पायाखालची वाट. चालत राहिलो, बांध ओलांडले, आणि एका वाकड्या बाभळीपाशी आलो. ती बाभूळ आमच्याच वावराच्या कडेची होती. वाटलं, दिशा चुकली. पुन्हा निघालो, या वेळी चांगला नेट लावून, नाकासमोर. पुन्हा तीच बाभूळ. तिसऱ्यांदा ती हाताला लागली तेव्हा घशाला कोरड पडली. काटा टोचून रक्त आलं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं. गावातलं कुत्रं भुंकत होतं, पण एकदा उजवीकडून, एकदा पाठीमागून.

अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, लहानपणीच सांगून ठेवलं होतं, ‘चकवा लागला तर पळायचं न्हाई. खाली बसायचं, विडी पेटवायची, उजाडू द्यायचं.’ विडी मी ओढत नव्हतो, पण बसलो. उजाडलं तेव्हा गाव समोर होतं, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. घरी गेल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, ‘बसला व्हतास ना? मंग झालं.’

बऱ्याच वर्षांनी मुलीनं पुण्याहून आल्यावर एक प्रयोग वाचून दाखवला. 2009 साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांना अंगावर जीपीएस लावून सरळ चालायला सांगितलं, काहींना जंगलात, काहींना ट्युनिशियाच्या वाळवंटात. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ झाकोळलं, चंद्र मावळला, की ती वळायला लागली, आपलीच वाट ओलांडून गेली, आणि त्यांना पत्ता नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून चालवलं तेव्हा काहींचे फेरे वीस मीटर व्यासाच्या आत झाले. सरळ जायला नजरेला लांबची एखादी खूण लागते, ती नसली की चाल हळूहळू कलत जाते. मला आनंद झाला तो चकव्याचा उलगडा झाला म्हणून नाही. अण्णांचा उपाय बरोबर निघाला म्हणून. पळणाऱ्यानं विहिरीत पडायचं, बसणाऱ्यानं सकाळी घरी जायचं.

छातीवर बसणारं भूतही रात्रीच्या लाइटीचंच. रात्रीच्या लाइटीच्या दिवसांत पहाटे येऊन आखाड्यावरच्या बाजेवर उताणा पडलो की तासाभरानं डोळे उघडायचे. पत्रा दिसतोय, कोपऱ्यातली फवारणीची टाकी दिसतेय, बाहेर बैल घुंगरू हलवतोय ते ऐकू येतंय. आणि छातीवर कुणीतरी बसलंय. हात हलत नाही, ओरडायला तोंड उघडत नाही. दारात काळं काहीतरी उभं असायचं, त्याला तोंड नसायचं. हे एकदा नाही, पुष्कळदा झालं. मायनं ऐकलं आणि मला पाथर्डी तालुक्यातल्या मढीला नेलं. कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते. आमच्या भागातली ‘बाहेरचं’ झालेली माणसं तिथंच नेतात. गडावर घुमणाऱ्या बायांच्या गर्दीत मी कपाळाला अंगारा लावून उभा राहिलो. परत आल्यावर दिवसाची लाइट होती, म्हणून मी रात्रभर झोपलो आणि भूत आलं नाही. मायनं नाथांना नारळ कबूल केला होता, तो फोडला.

डॉक्टर सांगतात त्यात गूढ काही नाही. स्वप्नाच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले सोडतो, नाहीतर माणूस स्वप्नातल्यासारखा खरोखर धावत सुटेल. कधीकधी मेंदू अर्धवट जागा होतो आणि स्नायू मागून जागे होतात. त्या मधल्या वेळात स्वप्न उघड्या डोळ्यांपुढं चालू राहतं. झोपेच्या वेळा मोडल्या, माणूस उताणा झोपला, की हे जास्त होतं. आता सांगा, दर आठवड्याला झोपेच्या वेळा मोडणारा धंदा आमच्याशिवाय आणखी कुणाचा? हे भूत ऊसतोडीला जाणाऱ्यांनाही भेटतं. कारखान्यावरच्या कोपीत राहणाऱ्या, मध्यरात्री गाडी भरायला उठणाऱ्या बायापुरुषांकडून मी हीच गोष्ट ऐकली, फक्त पत्र्याऐवजी तिथं पाचट आणि ताडपत्री. पुतण्यानं परवा सौरपंप बसवला, तो दिवसा पाणी देतो. त्याच्या छातीवर कुणी बसत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याकडं तशीच पडून आहे. अण्णा आणि मी उसाला पाणी देत होतो, दोघं दोन टोकांना. विहिरीच्या बाजूनं माझ्या नावानं हाक आली. एकच. रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते, म्हणून मी गप्प राहिलो. थोड्या वेळानं अण्णा सरीतून चालत आले आणि म्हणाले, ‘तुला हाक ऐकू आली?’ दोघांनी ऐकली म्हणजे ती झोप नव्हे. विहिरीवर जाऊन पाहिलं, कुणी नव्हतं. गावातून कुणी आलेलं नव्हतं. अण्णा गेले, त्या हाकेचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

विहिरीचं बोलायचं तर आसरांनी ओढून नेलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या वेळी गोष्ट रंगवायला कुणाला सुचत नाही. विजेआधी आणि वीज नसेल तेव्हा आमच्याकडं डिझेल इंजिनावर पाणी उपसत. पाणी खाली गेलं की इंजिन विहिरीच्या आतल्या खाचेत उतरवायचे. धूर आतच कोंडायचा. शिवारातल्या एका विहिरीत इंजिन बंद पडलं म्हणून एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला भाऊ उतरला, तोही राहिला. तिसऱ्याला लोकांनी कासऱ्यानं बांधून सोडला होता म्हणून ओढून काढता आला. गावानं सांगितलं, आसरांनी जोडी नेली. जुनी माणसं विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहत. विझला तर खाली माणसाला पुरेल अशी हवा नाही. पण इंजिनाच्या धुरात जो विषारी वायू असतो त्याला ना वास, ना रंग, आणि तो कंदिलालाही कळत नाही. त्या विहिरीला पुढं दर साली आसरांचा निवद होऊ लागला. निवद दाखवणाऱ्यांनीच इंजिन मात्र त्यानंतर कायमचं वर काठावर बसवलं.

इथवरची भुतं शेतातली. घरातली भुतं वेगळी, आणि ती कुणी पारावर सांगत नाही. मराठवाड्यात त्यांचं नाव भानामती. पत्र्यावर दगड पडतात, दोरीवरचं लुगडं पेट घेतं, पिठात केस निघतात, अंगावर काळ्या फुल्या उमटतात, सासुरवाशिणी कुत्र्यासारख्या भुंकायला लागतात. फुल्यांचं गुपित बिब्ब्यात आहे. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की लगेच काही दिसत नाही, एक-दोन दिवसांनी ते उततं, तोवर लावणारा हात कुठल्या कुठं गेलेला असतो.

आमच्या गल्लीतल्या एका घरात हे सगळं झालं. भगत आणला. त्यानं कोंबडं घेतलं, पैसे घेतले आणि सांगितलं, करणी करणारी बाई घरातलीच, डाव्या अंगाला राहते. डाव्या अंगाला थोरली जाऊ राहायची, नवरा वारलेली. भगतानं नाव घेतलं नाही, पण त्याला घ्यायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातचं पाणी कुणी प्यायलं नाही. पोरांना तिच्या अंगणातून जायची बंदी झाली. ती भांडली नाही, ओरडली नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या तेव्हा पोराच्या कोयत्याबरोबर कारखान्याला गेली आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावरही परतली नाही. ती गेल्यावरही पत्र्यावर दगड पडत होते. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती आणि कुणी तोंडातून काढली नाही.

दगड थांबले ते नंतर, त्या घरातलं एक ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा. माझा काही अंदाज आहे. तो मी इथं लिहिणार नाही. लिहिला तर त्या भगतात आणि माझ्यात काय फरक? नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली उभी केलेली अंधश्रद्धा निर्मूलन समिती भानामतीच्या घरी गेली की घरातल्या एकेकाशी वेगळं बसून बोलायची, प्रकार थांबवायची आणि करणाऱ्याचं नाव गावात फोडायची नाही. कारण करणारं माणूस बहुतेक वेळा घरातलंच, आणि ज्याला घरात बोलायला जागा नाही असंच असतं. 20 ऑगस्ट 2013 ला दाभोलकरांचा पुण्यात गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवतो म्हणून बांधून मारणं, अमक्या बाईनं करणी केली म्हणून तिला बदनाम करणं याला आता सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. आमच्या गल्लीतल्या त्या बाईला हा कायदा उशिराच मिळाला असता, पण मला वाटतं भगतानं तरी तो ऐकला असता.

अलीकडचं भूत आकाशातलं. 2024 च्या जून-जुलैत बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन फिरू लागले. लाल-हिरवा दिवा, माशीसारखी घरघर, घरांवरून सावकाश जायचं. मी स्वतः पाहिला. कुणी म्हणे चोर आधी पाहणी करतात, कुणी म्हणे सरकारी मोजणी. व्हॉट्सॲपवर रात्रीत दहा गावांची नावं यायची, आणि त्यातली निम्मी नुसतीच तारे पाहून घाबरलेली. पोरांनी गस्त सुरू केली, हातात काठ्या, खिशात बॅटऱ्या. मला त्या ड्रोनची भीती वाटली नाही. गस्तीची वाटली.

एका रात्री पोरांनी शेवगाव रस्त्यावर एक माणूस धरला. झोळी, भगवी लुंगी, बोली आमची नाही. मारुतीच्या पाराशी बसवला तोवर तिथं पन्नासेक माणसं झाली होती. कुणीतरी त्याची झोळी रिकामी केली: डमरू, पीठ, एक जुना मोबाईल. ‘बोल, डोन कुडून उडवतो?’ त्याला ड्रोन म्हणजे काय तेच कळेना. मी पुढं झालो आणि मोठ्यानं राईनपाड्याची गोष्ट सांगितली. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं गाव, 1 जुलै 2018, भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पोरं पळवणारी टोळी समजून लोकांनी ठेचून मारले. पोरांमधला एक म्हणाला, ‘काका, आम्ही कुठं मारतोय?’ खरंच, तोवर कुणी हात लावला नव्हता. काठ्या मात्र कुणी खाली ठेवल्या नव्हत्या.

पोलीस पाटील आले, आधार कार्ड पाहिलं, चकलांब्याला ठाण्यात फोन लावला. तोवर माझ्या घरून भाकरी आणि ठेचा आला, तो त्यानं हात धुऊन खाल्ला. सोडायचं ठरलं तेव्हा तोच म्हणाला, ‘पुढच्या गावात पुन्हा धरतील. काही लिहून द्या.’ वहीचं पान फाडून पोलीस पाटलांनी लिहिलं, हा माणूस उमापुरात तपासला आहे, शंका असल्यास फोन करावा, आणि खाली नंबर टाकला. पुढं दोन दिवस त्या नंबरावर फोन येत राहिले, एकदा तर रात्री दोनला.