रेज हिलच्या बोगद्यात दशम्या

अमेरिकेतल्या सहा आठवड्यांत मी नायगारा पाहिला, न्यूयॉर्क पाहिलं, वॉशिंग्टनची संग्रहालयं पायांचे तुकडे पडेपर्यंत पाहिली. भोपाळला परतल्यावर कुणी प्रवासाबद्दल विचारलं की मी मात्र एका बंद पडलेल्या बोगद्याचीच गोष्ट सांगत बसते.

भाचा पिट्सबर्गला असतो. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तो म्हणाला, "मावशी, आज तुला एक मोडका रस्ता दाखवतो." मला पडक्या जागांची ओढ आहे हे त्याला लहानपणापासून ठाऊक. तेव्हाच्या इस्लामनगरच्या महालांतून बोट धरून त्याला मीच हिंडवलं होतं. मी पहाटे उठून दुधातल्या दशम्या केल्या, लसणाची चटणी डबीत भरली आणि निघालो.

दोन तासांनी ब्रीझवूड आलं. पेट्रोल पंप, मोटेलं आणि उंच खांबांवरच्या पाट्या, एवढंच गाव. मला ते मुळीच आवडलं नाही. पण त्याच्या कडेला गाडी लावून अडसर ओलांडला आणि ट्रकांची घरघर हळूहळू मागे पडली. समोर चौपदरी रस्ता, आणि त्यावर एकही गाडी नाही. भेगाभेगांतून गवत वर आलेलं, मधल्या पट्ट्यात झाडं वाढलेली, डांबरावर लाल-पिवळ्या पानांचा खच. अर्धा तास चालल्यावर डोंगराच्या पोटात काँक्रीटचं काळं तोंड दिसलं. त्याच्या माथ्यावर पंख्यांची इमारत, खिडक्या फुटलेल्या. भिंतींवर हात पोचेल तिथवर रंगवलेली नावं.

तोंडाशी एक आजोबा सायकल टेकवून थर्मासातली कॉफी पीत बसले होते. पंचाहत्तरीचे तरी असतील. मी वर पंख्यांकडे बघत उभी राहिले, तर आपण होऊन म्हणाले, "या बोगद्याला पंखे एकाच बाजूला. त्या तोंडाशी काही नाही, नुसती कमान."

मग बोलणं सुरू झालं ते थांबेचना. लहानपणी वडिलांच्या गाडीतून ते याच बोगद्यातून आजीकडे जात. हा रस्ता, पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक, १ ऑक्टोबर १९४० रोजी खुला झाला, अर्विनपासून कार्लाइलपर्यंत १६० मैल. बाहेर चार पदर, पण सातही बोगद्यांत दोनच. सुटीच्या दिवसांत तोंडाशी गाड्यांची ही रांग लागायची. वडील वैतागत, आणि मागच्या सीटवर भावंडं श्वास रोखून धरायच्या पैजा लावत. "एक किलोमीटरहून थोडा जास्त आहे," भाच्याने मला हिशोब करून सांगितला. आजोबा म्हणाले, "कुणीच कधी जिंकलं नाही."

मला एकदम इटारसीच्या पुढचा धाराखोहचा घाट आठवला. दर उन्हाळ्यात नागपूरला आजोळी जाताना बोगदा आला की अख्खा डबा ओरडायचा. मी ते आजोबांना सांगितलं, तर म्हणाले, "मग हाही तुमच्या ओळखीचाच. मुळात हा रेल्वेसाठीच खोदलेला."

हे मला नवीन होतं, आणि इथे माझं कुतूहल पुरतं अडकलं. १८८०च्या दशकात रेल्वेमालक व्हँडरबिल्टने या डोंगरांतून साउथ पेनसिल्व्हेनिया रेल्वे काढायला घेतली. १८८५मध्ये बँकर जे. पी. मॉर्गनने बड्या रेल्वे कंपन्यांत तडजोड घडवली आणि काम जागच्या जागी थांबलं. एकही गाडी धावली नाही. अर्धवट बोगदे पन्नासएक वर्षं तसेच पडून राहिले. लोक त्याला व्हँडरबिल्टचा वेडेपणा म्हणत. टर्नपाइकने त्यांतले सहा घेतले. पुढे वाहतूक वाढली, तेव्हा चार बोगद्यांना जोडबोगदे खोदले, तिघांना वळसा घातला. हा रेज हिल आणि पलीकडचा साइडलिंग हिल १९६८च्या नोव्हेंबरात बंद झाले. तेरा मैलांचा रस्ता असा रानात उरला.

तिसरा, लॉरेल हिल, त्याआधीच, १९६४मध्ये सुटला होता. "त्यात आता शर्यतीच्या गाड्यांची चाचणी घेतात," आजोबा म्हणाले. वारा नाही, पाऊस नाही. गाडीला हवा किती अडवते ते नेमकं मोजता येतं. इथला साडेआठ मैलांचा तुकडा २००१मध्ये एका निसर्गसंवर्धन संस्थेला एका डॉलरला मिळाला, सायकलवाटेसाठी. 'द रोड' या चित्रपटाचं काही चित्रणही याच रस्त्यावर झालं.

मी दशम्या काढल्या. त्यांनी चटणी बोटावर घेऊन चाखली, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा घेतली. "तुमचं गाव कोणतं?"

"भोपाळ."

ते घास हातात धरून थांबले. म्हणाले, "नाव माहीत आहे मला." थोड्या वेळाने विचारलं, "ती जागा आता कशी आहे? आत जाता येतं?"

मी सांगितलं, नाही. डिसेंबर १९८४मधल्या वायुगळतीच्या त्या रात्रीनंतर कारखाना पुन्हा चालला नाही. भिंतीआड लोखंड गंजत उभं आहे. आत साठवलेला ३३७ टन विषारी कचरा गावाबाहेर जायला जानेवारी २०२५ उजाडावं लागलं. बस त्या भिंतीवरून जाते तेव्हा माझ्या पिढीचे लोक अजूनही बोलता बोलता गप्प होतात.

त्यांनी काही उत्तर दिलं नाही. अर्धी दशमी राहिली होती ती सावकाश संपवली. या देशातल्या वेगाचा, पुलांचा मला कधी हेवा वाटला नव्हता. त्या क्षणी या बिनकुलपाच्या अंधाराचा वाटला.

"मधोमध गेलात की टॉर्च विझवा," ते उठताना म्हणाले आणि सायकल ढकलत ब्रीझवूडच्या बाजूला निघाले.

आत गारवा होता, ओल्या चुन्याचा वास होता. पलीकडच्या तोंडाचा उजेड सुपारीएवढा दिसत होता आणि चालून चालून तो मोठाच होईना. कुठेतरी थेंब पडत होते. मध्यावर आम्ही टॉर्च विझवला. स्वतःचा हातही दिसेना. मग भाचा, दोन मुलांचा बाप, धाराखोहच्या डब्यात ओरडायचा तसा ओरडला. मीही ओरडले, चाळीस वर्षांत ओरडले नव्हते तशी. आवाज भिंतींवर आपटत दूर गेला, परत आला, पुन्हा गेला.

तो विरला तेव्हा मागच्या तोंडाकडून सायकलची घंटी ऐकू आली. दोनदा.