चक्रातला शेतकरी

पुण्यात सत्तरीकडे झुकलेला कुणीही भेटला आणि बोलता बोलता आणीबाणीचा विषय निघाला, की कळतं, हा गृहस्थ तेव्हा भूमिगत होता. सगळेच भूमिगत होते तर जमिनीवर कोण होतं, हा प्रश्न मी सभ्यपणे गिळतो. मला आठवतं त्याप्रमाणे आमच्या आळीतली बहुतेक मंडळी जमिनीवरच होती आणि बऱ्यापैकी खूशही होती. गाड्या वेळेवर येत होत्या, कचेरीतले कारकून दहाच्या ठोक्याला खुर्चीत सापडत होते. भिंतीभिंतींवर 'बातें कम, काम ज्यादा' लिहिलेलं असायचं आणि ज्यांना मुळात फारसं बोलायचंच नव्हतं त्यांना ते मनापासून पटायचं. विनोबांच्या नावावर 'अनुशासनपर्व' हा शब्द फिरत होता. देशभरात लाखावर माणसं तुरुंगात होती आणि आमच्या आळीत गणपतीची वर्गणी नेहमीसारखी जमत होती.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. मित्राच्या थोरल्या भावामुळे, म्हणजे अण्णामुळे, एका माळ्यावर माझी ये-जा सुरू झाली. त्याला चळवळ म्हणणं जरा जास्तच होईल. माळ्यावर एक सायक्लोस्टाइल यंत्र होतं आणि ते चालवायला पोरं लागत होती, इतकंच.

वर्तमानपत्रं सेन्सॉर होऊन येत होती. मुंबईच्या टाइम्समध्ये २८ जून १९७५ला मृत्यूच्या छोट्या जाहिरातींत कुणा 'डेमोक्रसी' नामक गृहस्थांच्या निधनाची वार्ता झळकली होती. पत्नीचं नाव सत्य, मुलाचं स्वातंत्र्य आणि भावंडांची नावं श्रद्धा, आशा, न्याय. सगळं इंग्रजी अक्षरांची मोडतोड करून लिहिलेलं, म्हणून सेन्सॉरच्या नजरेतून निसटलेलं. आमच्या माळ्यावर तो अंक काही आला नाही. आली ती गोष्ट, आणि तीही बरीच उशिरा. पण त्या एका विनोदावर आम्ही कित्येक महिने काढले. नवा माणूस आला की त्याला तो सांगायचा आणि तो हसतो की घाबरतो, यावरून माणूस जोखायचा. आजचा विनोद दुपारपर्यंत शिळा होतो. संध्याकाळी तोच पुन्हा आला तर आपण पाठवणाऱ्यावर वैतागतो.

यंत्रावरचं काम किचकट होतं. मेणाचा थर दिलेला स्टेन्सिल कागद, त्यावर टोकदार लोखंडी लेखणीनं लिहायचं. लेखणी मेण खरवडते आणि तिथून शाई झिरपते. मराठी टंकयंत्र परवडणारं नव्हतं, म्हणून सगळं हातानं. आणि हातानं लिहायचं तर मराठीची अडचण अशी, की आपल्या अक्षरांना पोटं फार. 'व', 'ब', 'क', 'ष' काढताना गोल नीट जुळला आणि हात जरा जड पडला, की पोटातला कागदच सुटून यायचा आणि छापताना तिथे काळा ठिपका उमटायचा. अण्णा मागून ओरडायचा, "अरे, 'ब' जरा सैल सोड, बंद करू नकोस त्याला!" त्यामुळे आमची पत्रकं बोबड्या अक्षरात निघत. त्याचा एक फायदा असा, की हस्ताक्षर कुणाचं हे ओळखू येत नसे.

कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाची हकिगत मी अशाच एका पत्रकासाठी लिहून काढली. डिसेंबर १९७५. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष खुद्द केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या मांडवात दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला सांगितली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. ती हकिगत लिहिताना माझ्या हाताला घाम आला होता आणि स्टेन्सिलवर घाम पडलेला चालत नाही, म्हणून अण्णानं मनगटाखाली टीपकागद ठेवायला दिला होता. घटना मोठी होती, पण माझ्या डोक्यात त्या वेळी 'दुर्गाबाई'तला 'ब' आणि 'भागवत'मधला 'व' सांभाळणं एवढंच होतं. भीतीला जागा उरत नव्हती म्हटलं तरी चालेल. पत्रक हातात पडायचं तेच मुळी कामासकट : वाच, दहा जणांना दे, जमलं तर उतरवून काढ. नुसतं वाचून सुन्न बसायची सोय नव्हती.

मग १८ जानेवारी १९७७ला निवडणूक जाहीर झाली आणि माळ्यावरची मंडळी रस्त्यावर आली. मतदान मार्चमध्ये. चार विरोधी पक्ष घाईघाईनं एकत्र आलेले आणि निशाणी भारतीय लोकदलाची घेतलेली. चक्र आणि त्यात नांगर खांद्यावर घेतलेला शेतकरी, म्हणजे हलधर. ज्यानं कुणी ही निशाणी ठरवली, त्यानं भिंत कधी रंगवली नसणार! समोर काँग्रेसचं गाय-वासरू. ते काढायला सोपं आणि वर पूज्य. आम्ही पत्र्याचा साचा कापला. चुन्याचा हात मारून त्यावर गेरू फासायचो. नांगराचा फाळ साच्यात हमखास तुटायचा, दांड्याचं टोक तेवढं फुगायचं आणि आमचा शेतकरी गदा घेतलेल्या मारुतीसारखा दिसायचा. शनिवारी सकाळी एक आजी त्या भिंतीला नमस्कार करून गेल्या. अण्णा म्हणाला, "पुसू नका, मत पक्कं आहे."

सभांना पु. ल. देशपांडे बोलायला येत. आयुष्यभर ज्यांनी हसवलं, त्यांच्या तोंडून स्वातंत्र्याबद्दल ऐकायला माणसं गच्चीवर, झाडावर बसलेली असत. सभा संपली की झोळी फिरे आणि तीत नाण्यांचा खळखळाट होई. पुण्यातून मोहन धारिया निवडून आले. मुंबईच्या सहाच्या सहा जागा काँग्रेसनं गमावल्या आणि तिथून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर लोकसभेत गेल्या. निवडणूक संपल्यावर पु. ल. कुठलंही पद न घेता आपल्या कामाला लागले. हे मला त्यांच्या भाषणांइतकंच मोठं वाटतं.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. आम्ही भिंती रंगवून आणलेलं सरकार १९७९च्या जुलैत कोसळलं आणि जानेवारी १९८०मध्ये इंदिराबाई परत आल्या. अण्णा वर्षभर कुणाशी धड बोलत नव्हता. ज्यांनी सगळी आशा दिल्लीत गुंतवली होती, ते तेव्हा जे कडवट झाले ते कायमचेच. ज्यांनी हाती काहीतरी धरलं होतं, ते टिकले. स्त्री मुक्ती संघटना आणीबाणीच्याच वर्षी, १९७५मध्ये, उभी राहिली आणि १९८३ साली तिनं 'मुलगी झाली हो' हे नाटक रंगमंचावर आणलं. मधल्या काळात दिल्लीत कोण आलं नि कोण गेलं, त्यावाचून त्या बायकांचं काही अडलं नाही.

आता गोंधळ वेगळ्या जातीचा आहे. २०१९पासून महाराष्ट्रात पहाटेचा शपथविधी झाला, पक्ष फुटले, नावं आणि निशाण्या निवडणूक आयोगाच्या निकालानं एकाकडून दुसऱ्याकडे गेल्या. २०२४च्या लोकसभेला 'तुतारी वाजवणारा माणूस' ही एका पक्षाची निशाणी आणि अपक्षांच्या वाट्याला आलेली नुसती 'तुतारी', जिला लोक पिपाणी म्हणत, यांची मतदानयंत्रावर गल्लत झाली म्हणून साताऱ्यापर्यंत तक्रारी झाल्या. आमच्या मारुतीची मला फार आठवण झाली.

बातमीचा तुटवडा मात्र राहिलेला नाही. २०१९च्या जानेवारीत यवतमाळच्या संमेलनाचं नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं. त्याच नयनतारा, ज्या आणीबाणीतही बोलल्या होत्या. न झालेलं ते भाषण मराठीत येऊन फोनोफोनी फिरलं. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे व्यासपीठावरून या प्रकाराबद्दल स्पष्ट बोलल्या. आम्हाला माळ्यावर जे पोचवायला आठवडे लागले असते, ते एका दिवसात झालं. हे मी मत्सरानंच सांगतोय. पण ते भाषण मी वाचलं, तीन गटांत पुढे ढकललं आणि चहा प्यायलो. माझ्याकडून कुणी काही मागितलंच नाही. रात्री दीड वाजता फोन हातात धरून देशाची काळजी करणारी जी माणसं दिसतात, त्यांना झोप लागत नाही ती बहुधा यामुळे. काळजी घरपोच येते, पण काम काही सोबत येत नाही.

म्हणून 'आताच्या पोरांना काही पडलेली नाही' हे वाक्य कट्ट्यावर निघालं, की मी मार्च २०१८ची आठवण काढतो. नाशिकहून शेतकरी चालत मुंबईत आले, हजारोंनी, पायाला फोड आलेले. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला. मुंबईकर पोहे, पाणी आणि चपला घेऊन त्यांच्यासाठी उभे होते. ती चपला वाटणारी पोरं फोनमधूनच जमली होती.

आमच्या घरात नातीनं गेल्या निवडणुकीआधी तिच्या चार मैत्रिणी गोळा केल्या. सोसायटीच्या खाली टेबल टाकून मतदारयादी तपासायला बसल्या. नाव नसेल त्याला फॉर्म सहा, पत्ता बदलला असेल त्याला फॉर्म आठ. एक जण ढोलकीवर बोटं टाकत सूचना गाऊन सांगत होती, चाल अगदी पोवाड्याची. मी कौतुकानं बघत उभा राहिलो, तर नात म्हणाली, "आजोबा, नुसते उभे नका राहू. बी विंग कुणी घेतली नाहीये."

बी विंगची लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर एका बाईंचं नाव यादीत होतं, पण वडिलांचं नाव नवऱ्याच्या जागी छापलेलं. दुरुस्तीसाठी कुठला फॉर्म, ते मला येईना. मी जिन्यातूनच नातीला हाक मारली.

"आठच, आजोबा! आणि आधारची झेरॉक्स मागून घ्या."