हाक आणि बोध

मराठी शिकवणाऱ्याच्या टेबलावर दोन संगणक कशाला, असे शेलूबाजारात मला अनेकांनी विचारले आहे. कारण साधे आहे. जुन्या संगणकात श्रीलिपीत टंकलेली कित्येक वर्षांची टिपणे आहेत. नव्याला युनिकोडच उमगते. दोन्हीकडे मराठीच, पण एकाची अक्षरे दुसऱ्याला निरर्थक खुणा वाटतात. जुने नव्यात आणण्याचे काम सुट्यांत चालते. टेबल लहान, म्हणून कळफलक आणि माउस एकच.

माउसचा बाण एका पडद्याच्या कडेवरून पुढे सरकवला की तो शेजारच्या पडद्यावर अवतरतो, आणि त्यामागोमाग कळफलकही त्या संगणकाचा होतो. ख्रिस शोनेमन यांची 'सिनर्जी' २००१ मध्ये आली. 'बॅरिअर' ही पुढे तिच्यातूनच फुटलेली शाखा. एकदा सवय झाली की दोन यंत्रे आहेत हे विसरायला होते. जुना संगणक झोपला की मात्र ते आठवते. बाण कडेपर्यंत जातो आणि तिथेच थबकतो.

संगणकाची झोप म्हणजे मरण नव्हे. प्रक्रियक थांबलेला असतो. स्मृती तेवढी विजेच्या बारीक धारेवर जागी असते. (ती धारही तुटली की काय होते, हे भारनियमनाची वर्षे काढलेल्या विदर्भातल्या माणसाला सांगायला नको.) झोपलेल्या संगणकाला थेट जोडलेला कळफलक त्याला बहुधा उठवू शकतो, कारण तो स्पर्श असतो. माझा कळफलक मात्र दुसऱ्याच यंत्राला जोडलेला. त्याची प्रत्येक कळ संदेश होऊन तारेतून जाते, आणि तो संदेश वाचणारी आज्ञावलीच झोपलेली असते. 'ऊठ' हा संदेश वाचायलाही आधी उठावे लागते!

यावरचा उपाय मला साहित्याचा विद्यार्थी म्हणून फार अर्थपूर्ण वाटतो. झोपलेल्या संगणकाचे नेटवर्क कार्ड, तशी सोय चालू ठेवलेली असेल तर, जागे राहते. त्याला भाषा कळत नाही, आज्ञा कळत नाही. कळते ते फक्त स्वतःचे नाव, म्हणजे जन्मतः मिळालेला सहा बाइटांचा पत्ता. एएमडी या कंपनीने १९९५ मध्ये मांडलेल्या 'मॅजिक पॅकेट'मध्ये आरंभी सहा बाइटांची एक ठरलेली ललकारी असते आणि पुढे तोच पत्ता सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. त्यात उपदेश नाही, माहितीही नाही. नुसती नावाची आवर्तने.

भूपाळीची रचना याहून फार वेगळी आहे काय? देवाला उठवताना त्याला तत्त्वज्ञान कोणी सांगत नाही. नावे आळवतात, विशेषणे आळवतात, पुन्हा ध्रुपदाकडे येतात. ही पुनरुक्ती आपण परीक्षेच्या उत्तरांत 'गेयतेसाठी' म्हणून उरकतो. मला ती जागवण्याची गरज वाटते. संस्कृतातल्या 'बुध्' धातूला जागे होणे आणि जाणणे असे दोन्ही अर्थ आहेत. 'प्रबोधना'त आपण दुसराच अर्थ तेवढा ठेवला; पहिला प्रबोधिनी एकादशीपुरता उरला.

हे मी एकदा वर्गात बोललो. दिवस सोयाबीन काढणीचे. पहाटेपासून शेतात राबून एसटीने आलेली मुले डोळे उघडे ठेवण्याची शिकस्त करीत होती. हजेरी मी क्रमांकाने न घेता नावाने घेतो. त्यात वेळ जातो ही सहकाऱ्यांची तक्रार रास्त आहे. त्या दिवशी दोन महिन्यांत 'हजर' यापलीकडे शब्दही न काढलेली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, वासुदेव तं आमच्या गावात अजून येते. दान देणाऱ्याचं नाव घेऊनच गाते तो." मी पुस्तक मिटले. उरलेला तास तिच्या गावच्या वासुदेवावर गेला, आणि तो मी नव्हे, वर्गाने घेतला.

त्या आज्ञावलीतली एक बाब अशा वेळी लक्षात येते. कळफलक ज्याच्याकडे तो संगणक 'सर्व्हर' म्हणवतो. पण जोडणी तो करीत नाही, तो फक्त वाट पाहतो. जागा झालेला दुसरा संगणकच त्याच्याशी संधान बांधतो, आणि मगच बाण कड ओलांडतो. ज्यांचे नाव आमच्या विद्यापीठाला आहे ते गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याकडून येऊ देत. आपला अभ्यासक्रम, आपले तास, आपली मूल्यमापने मात्र समोरचा जागा आहे आणि जोडलेलाही आहे, असे गृहीत धरून चालतात.

नावाने हजेरी घेतल्यास सात-आठ मिनिटे जातात. ती अध्यापनात धरावीत की अध्यापनाबाहेर, याचे उत्तर वेळापत्रकाच्या कोणत्याही रकान्यात नाही. मी ती अध्यापनात धरतो.