लोणारचा लव्हाळा काय सांगतो?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला जायचे तर मेहकरहून एस.टी. सोयीची पडते. आम्ही वस्तीतील मुले आणि महिला मंडळाच्या भगिनी यांची सहल तेथे नेली. उल्का आदळून काळ्या खडकात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे हे विवर! काठावरून पाहताना बडबडी पोरेही गप्प झाली. लवणासुराच्या वधाची कथा तेथे कानावर येतेच. ती ऐकावी आणि खाली उतरावे.

तळ्याचे पाणी खारे, धुण्याच्या सोड्याच्या जातीचे. पण कडेने गोड्या पाण्याचे झरे येतात आणि अशा गोड्या ओलाव्याला लव्हाळा धरतो. रोजंदारीने निंदायला जाणाऱ्या आमच्या आयाबहिणींना तो कोणी दाखवावा लागत नाही. दिसतो गवतासारखा, पण गवत नव्हे. दांडी बोटांत फिरवली की तीन धारा लागतात. त्याचा भाऊ नागरमोथा तर उपटला तरी गाठी मातीत ठेवून जातो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर! (हे अभयारण्य आहे, येथे काही उपटू नये, हे मुलांना दोनदा सांगावे लागले.)

या तणाचे पराग वाऱ्याने उडून तळ्यात पडतात. तळाच्या चिखलाला हवा लागत नाही, म्हणून ते हजारो वर्षे कुजत नाहीत. भारतीय व जर्मन संशोधकांनी तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढला. शेवटच्या हिमयुगानंतर, सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी होलोसीन युग सुरू झाले. त्या युगाचा बहुतेक सारा जमाखर्च या गाळात आहे. मात्र लव्हाळ्याचे पराग वाढले म्हणजे पाऊस वाढला, असे लगेच म्हणता येत नाही. पाणी मागे हटून दलदल उघडी पडली तरी तो माजतो. एका नोंदीवर खतावणी जुळत नसते. म्हणून गाळातील गेलुसाइट नावाचे खडेही तपासले. पाणी आटून खार दाट झाला की ते तयार होतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन दीर्घ कोरडे काळ दिसले : ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. अजिंठ्याची पाचव्या शतकातील लेणी या दुसऱ्या काळातली.

आमच्यात १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या एक आजी होत्या. तेव्हा देवीचा कोप म्हणून नवस बोललेले त्यांना आठवत होते. त्यांनी सरळ विचारले, "मंग तवा येवढं पाणी कोनाच्या पापानं आटलं?"

कोणाच्याच नाही, आजी. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांच्या उबदार पाण्यात बदल झाले, पावसाचे वारे दुबळे पडले. मुलांना हे आम्ही तेथेच, काठावर बसवून सांगितले. मग त्यांनी २०२० च्या जूनमध्ये तळे गुलाबी का झाले होते तेही विचारले. पाणी घटले, खार वाढला, आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी रंग दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचे नाव रामसरच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले.

जाणार असाल तर सकाळी लवकर उतरा आणि पिण्याचे पाणी सोबत न्या.